बालाघाटातील मधमाश्या आणि नियमनाची चौकट

मन्मथस्वामींच्या समाधीमुळे ख्यातकीर्त असलेले बीड जिल्ह्यातील कपिलधार ज्या बालाघाट डोंगररांगेत वसले आहे, तिच्यातल्यासारख्या कडेकपारी आग्यामाशीला उघडी पोळी बांधण्यास मानवतात. ही माशी पाळता येत नाही, मात्र ढोलीत राहणारी सातेरी लाकडी पेटीत नांदते. नियमनाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार जंगलातील मध व मेण वनोपज ठरतात, तर पेटीतील वसाहतीचे आरोग्य मुख्यतः पाळणाऱ्याच्या दक्षतेवरच सोपवलेले आहे.

महाबळेश्वरचे मध संचालनालय प्रशिक्षण देते आणि २०२१ पासून ‘मधुक्रांती’ पोर्टलवर मधपाळांची नोंदणी होते, परंतु नोंदणी म्हणजे रोगतपासणी नव्हे. थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगात सातेरीची अळी कोषावस्थेत न जाता द्रवाने भरलेली पिशवी होऊन मरते, आणि १९९० च्या दशकारंभी याच रोगाने दक्षिण भारतातील असंख्य वसाहती उद्ध्वस्त केल्या. फुलोऱ्यामागे पेट्या जिल्ह्याजिल्ह्यांतून हलवल्या जातात, तेव्हा रोगही प्रवास करू शकतो. म्हणून स्थलांतरापूर्वीची तपासणी ही खरी निकड आहे.

न्यूझीलंडमध्ये पेट्यांच्या जागांची नोंद सक्तीची असून, अळ्या सडवणारा अमेरिकन फाउलब्रूड हा जिवाणूजन्य रोग आढळल्यास वसाहत नष्ट करावी लागते. मराठवाड्यात इतकी कठोरता आणण्याआधी जिल्हा पातळीवर रोगनिदानाची सोय आणि कपाशीवरील फवारणीची पूर्वसूचना मधपाळांना मिळणे अधिक उपयुक्त ठरेल.