परसबाग आणि बाळाचे ताट

घरात धान्याची कणगी भरलेली असते. तरीही अंगणात खेळणाऱ्या बाळाचे दंड काडीसारखे दिसतात. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश आहेत.

यावर परसबाग आणि महिला बचतगट यांची जोड कितपत उपयोगी पडते, याचा अभ्यास ओडिशातील केंदुझर (क्योंझर) जिल्ह्यात २०१६ ते २०१९ या काळात झाला. पोषणपूरक शेतीच्या चित्रफिती गटांच्या बैठकांत दाखवल्या गेल्या. काही गावांत स्त्रियांनी आपल्या अडचणी स्वतः मांडून त्यांवर उपायही शोधले. अशा गावांत माता व बालके या दोघांच्याही आहारात विविधता वाढली. बालकांची कृशता मात्र घटली नाही. हा निष्कर्ष निराश करणारा नसून सावध करणारा आहे. ताट सुधारणे हे पहिले पाऊल आहे. शुद्ध पाणी, स्वच्छता, वारंवार होणाऱ्या जुलाबावर वेळीच उपचार आणि गरोदर मातेचा आहार यांवाचून बाळाचे अंग भरत नाही.

तरीही हे पहिले पाऊल आपल्या हातातले आहे. मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, पपई व केळ वाढतात. कुंपणावर भोपळा व वाल चढतात. चार वाफ्यांत मेथी, माठ आणि चवळी येते. सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानासोबत बाळाला मऊ शिजवून घोटलेली डाळ-भाजी द्यावी. तीत चमचाभर तेल घातल्यास पिवळ्या-हिरव्या भाज्यांतील अ जीवनसत्त्वाचा अंश अंगी लागतो. लिंबाचे दोन थेंब पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. शक्य असेल तेथे अंडेही द्यावे.

बचतगटाचे सामर्थ्य बियाण्यांच्या देवघेवीपुरते नाही. भाजी बाजारात जाण्याआधी बाळाच्या वाटीत पडावी, हा आग्रह एकटी सून सासरी धरू शकत नाही. दहाजणी मिळून धरू शकतात. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचे वजन करावे आणि ते वाढले नाही, तर आरोग्य केंद्र गाठण्यास विलंब लावू नये.