आधी गळती दाखवा!

मैत्रिणींनो, गॅसचा नवा सिलिंडर लावला की जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं, हे आपल्याला ठाऊक असतं. हीच युक्ती वापरून महागड्या जीपगाडीचं दुखणं ओळखता येतं, असं सांगितलं तर?

काही फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचे हवा भरलेले फुगे असतात. यालाच एअर सस्पेन्शन म्हणतात. शिवनेरी बसमधून येणारा 'फुस्स' आवाज ऐकलाय ना? जात तीच. रेंज रोव्हर गाडीत ही सोय १९९२ साली आली. कॉम्प्रेसर हवा भरतो, बारीक नळ्यांतून ती चारही चाकांजवळच्या फुग्यांत जाते आणि गाडी हवी तशी उंच किंवा खाली होते. अपघातात उघडणाऱ्या एअरबॅग वेगळ्या, बरं का!

आमच्याकडे अशी एक जुनी गाडी आहे. बचत गटांच्या कामासाठी पाड्यांवर जायला तिचाच आधार. पावसाळ्यानंतर ती रोज सकाळी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली दिसायला लागली. गॅरेजवाले म्हणाले, "चारही फुगे आणि कॉम्प्रेसर बदला." आकडा ऐकून ह्यांनी गाडी विकायचीच भाषा सुरू केली. मी म्हटलं, "आधी गळतंय कुठे ते तर पाहू!"

ओळखीच्या मेकॅनिकला घरीच बोलावलं. त्यानं गाडी सपाट जागी पूर्ण उंच केली, इंजिन बंद केलं, चाकांना अडण लावली आणि चेसिसखाली भक्कम स्टँड दिले. मग मी स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी भरून दिलं. फुग्याच्या घडीवर काही नाही, पण वर नळी जोडली होती तिथे बारीक फेस फुगू लागला. फुगा ठणठणीत होता, जोड सैल होता! त्यानं आधी त्यातली हवा सोडली, नळीचं झिजलेलं टोक ब्लेडनं सरळ कापलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टीनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजलं. आदल्या संध्याकाळइतकंच!

अर्थात प्रत्येक वेळी इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. रबराला घडीवर चिरा पडल्या असतील तर पंक्चरसारखं ठिगळ चालत नाही, फुगा बदलावाच लागतो. काही गाड्या बंद असतानाही स्वतःला समपातळीत आणतात. त्यामुळे एकच फुगा गळत असला तरी चारही बाजू खाली बसतात आणि सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. आणि 'बघू नंतर' म्हणून चालढकल करू नका. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. मग खर्च दुप्पट.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणालाही शिरू देऊ नका, चाक आणि मडगार्डच्या फटीत हातही घालू देऊ नका. हवा गेली की गाडी क्षणात खाली बसते. हवा न सोडता नळी काढणंही धोक्याचंच.

आपण मेकॅनिक व्हायला हवं असं नाही. पण पैसे आपल्या घरातून जातात. तेव्हा बिलाचा कागद पुढे आला की एवढं तरी म्हणायला शिकूया, "दादा, गळती कुठे आहे ते आधी दाखवा!"