उपदेशकांचा भर कशावर होता?

नाशकाहून थळघाट उतरून मुंबईकडे जाणारा रस्ता शहापुरावरून जातो. सन १८२६ च्या मार्च महिन्यांत गॉर्डन हॉल हा अमेरिकन उपदेशक नाशकाहून मुंबईस परत निघाला असतां वाटेंतच पटकीनें मृत्यु पावला. नाशकांत माणसें साथीनें मरत होतीं, तेव्हां त्यानें जवळचें औषध आजाऱ्यांस वांटलें होतें. आणि तेरा वर्षें मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या ह्या गृहस्थानें आयुष्यांतील अखेरची रात्र काढली ती एका देवळांत! त्याचीं व्याख्यानें आज कोणास आठवत नाहींत. ही हकीकत मात्र विसरण्याजोगी नाहीं.

येशूच्या पहिल्या शिष्यांच्या उपदेशाचा गाभा अगदीं थोडा होता. क्रुसावर मेलेला येशू देवानें उठविला, जुन्या शास्त्रांनीं सांगितलेला तारणारा तोच, म्हणून पश्चात्ताप करा म्हणजे पापांची क्षमा होईल, एवढेंच त्यांचें सांगणें. अथेन्सच्या पंडितांपुढें उभा राहतांना पौलानें त्यांच्याच कवींच्या वचनांचा आधार घेतला. आपल्या इकडे फादर स्टीफन्स यांनीं हीच वाट धरिली. १६१६ सालीं छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणां’त येशूचें चरित्र मराठी ओव्यांतून अवतरलें. गोव्यांत इन्क्विझिशनचा वरवंटा १५६० पासून फिरत असतांही ह्या एका ग्रंथानें मराठी भाषेचा गौरवच केला, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

पुढें १८१३ सालीं हॉल आणि त्यांचे सोबती नॉट मुंबईस आले, १८२९ सालीं डॉ. जॉन विल्सन आले, आणि उपदेशाचा रोख पालटला. पाप, प्रायश्चित्त आणि न्यायाचा दिवस हे विषय राहिलेच. परंतु बाजारांत, जत्रेंत, देवळाच्या पायरीशीं उभें राहून मूर्तींची निरर्थकता आणि पुराणांतील देवांचे दोष दाखविण्यावर भर अधिक पडला. ह्याचा परिणाम काय झाला? १८३१ सालीं मोरभट्ट दांडेकर विल्सनसाहेबांशीं वादास उभे राहिले. १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं पाद्र्यांस प्रश्नांनीं भंडावून सोडलें. दुसऱ्याच्या घरांतील केर दाखविणाऱ्याचें ऐकून घरधनी झाडू हातीं घेत नाहीं, काठी घेतो. मात्र त्याच मिशननें १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा काढली. तिला असें सडेतोड उत्तर कोणी देऊं शकला नाहीं. त्या शाळेचें उत्तर शाळा हेंच होतें, आणि तें द्यावयास आमच्या समाजास पुष्कळ वर्षें लागलीं.

शहापूर आणि मुरबाड येथील आमच्या वाचकांपुढें हा इतिहास मांडण्याचें कारण आहे. वाडीपाड्यांत कोणी परका उपदेशक शिरला असें ऐकूं आलें कीं पेठेंत चर्चेस ऊत येतो. पोटाच्या अडचणीचा फायदा घेऊन धर्म पालटविणें हें अधर्माचेंच कृत्य, याविषयीं आमचें मत निःसंदिग्ध आहे. परंतु ती अडचण शिल्लक कोणीं ठेविली? लग्नापुरत्या कर्जासाठीं कातकरी, वारली यांस धन्याच्या घरीं राबविणारी लग्नगड्याची चाल ह्याच जिल्ह्यांतील. वेठबिगारीविरुद्धचा कायदा झाला तो १९७६ सालीं. आजही दिवाळी सरली कीं कातकरी कुटुंबें मुलांबाळांसह वीटभट्टीची वाट धरितात आणि मुलांची शाळा तेथेंच तुटते. तानसा, वैतरणा, भातसा यांचें पाणी मुंबईस जातें. त्यांच्या शेजारच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते.

म्हशाच्या यात्रेंत हजारोंची उलाढाल करणाऱ्या आणि देवळाच्या जीर्णोद्धारास सढळ हातानें वर्गणी देणाऱ्या व्यापारी बंधूंस आमचें इतकेंच विनवणें आहे: उचल देतांना हिशेबाचा कागद वाचून दाखवा, भट्टीवर निघालेल्या मुलांपैकीं निदान कांहींची तरी गांवांत राहण्याजेवण्याची सोय करा, पाड्यावरील विहीर उन्हाळ्यापूर्वीं उपसून घ्या. परक्या उपदेशकाशीं वाद घालावयास पंडित लागतो. ह्या तीन कामांस तो लागत नाहीं. आपल्या धर्माविषयीं पाड्यावरील माणसाचें मत काय होतें, तें आपल्या प्रवचनांवरून नव्हे, तर ह्याच कामांवरून ठरणार आहे.