आधी ओळख, मग गिरवणं

शाळा सुरू होऊन दोन महिने होतात न होतात, तोच वर्धा, आर्वी, हिंगणघाटच्या घरांतून तक्रार ऐकू येते : "कॉन्व्हेंटात टाकलं, पण पोराला अजून अ-आ लिहिता येत नाही." पोराचं वय असतं साडेतीन. ही तक्रार ज्या समजुतींवर उभी आहे, त्या तपासून पाहायला हव्यात.

सर्वांत रुजलेली समजूत अशी, की अक्षरं शिकणं म्हणजे अक्षरं लिहिणं. प्रत्यक्षात डोळे आणि कान अक्षर ओळखू लागतात, तेव्हा बोटं पेन्सिल पेलायला तयार नसतात. त्यांना बळ येतं ते माती मळून, तुरीच्या शेंगा सोलून, कागद फाडून. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या वाईट अक्षराबद्दल लिहिताना हेच मांडलं आहे : मुलानं फुलं-पाखरं पाहून ओळखावीत तशी अक्षरं ओळखावीत, चित्र काढायला शिकावं आणि मगच लिहावं. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम या त्यांच्या शिक्षणपद्धतीची दिशा ठरली आणि 1945 मध्ये सेवाग्रामात सात वर्षांखालची मुलंही तिच्या कक्षेत आली. अशा जिल्ह्यात तीन वर्षांच्या लेकराला पानभर 'अ' गिरवायला लावतात, हे मला फार खटकतं.

"पण वर्णमाला तर क्रमानंच शिकवली पाहिजे ना?" तो क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे : क-वर्ग कंठाचा, प-वर्ग ओठांचा. अभ्यासाला तो उत्तम, पण लहान मुलापुढे क, ख, ग, घ असे जवळजवळचे ध्वनी एका रांगेत येतात. शिवाय घ-ध, भ-म दिसायला सारखे, आणि 'ङ'पासून सुरू होणारा शब्द त्याला सांगायचा तरी कोणता? त्याच्या जिव्हाळ्याचा पहिला लिखित शब्द म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. डब्यावर, चपलांच्या जागेवर, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्या गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी असू द्या. अंगणवाडीत आल्या आल्या प्रत्येकानं आपली चिठ्ठी शोधून दोरीवर लावली की हजेरी झाली! समीर आणि समृद्धीच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होईल, तेव्हा चूक दाखवायची घाई करू नका. दोन्ही शेजारी ठेवून सारखं काय आणि वेगळं काय, ते त्यांनाच शोधू द्या. अंगणात खडूनं मोठा 'स' काढून त्यावरून चालता येतं, त्यावर चिंचोके मांडता येतात. मात्र चिंचोका नाका-तोंडात जाणार नाही याकडे मोठ्यांचं लक्ष हवं.

नाव ओळखलं म्हणजे वाचता आलं, असंही नाही. सुरुवातीला मूल नाव चित्रासारखं ओळखतं. चिठ्ठीचा रंग बदलला की गडबडतं. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच रंगात, ठळक अक्षरांत लिहाव्यात. पुढची पायरी कानांची : रा-धि-का अशा तीन टाळ्या वाजवायच्या, मग 'रा'नं आणखी काय सुरू होतं ते घरात शोधायचं. राख, राजा, रान. ध्वनी आणि आकार यांची गाठ इथं पडते, आणि वाचनाची खरी सुरुवात हीच.

उलटं अक्षर काढलं म्हणून घाबरूही नये. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं अधूनमधून तसं करतात. त्यानंतरही ते टिकलं आणि ध्वनी ओळखण्यातही अडचण दिसली, तर तज्ज्ञांना दाखवावं.

राहिली अंगणवाडी. "तिथं नुसती खिचडी मिळते," हे बोलणं तिच्यावर अन्याय करतं. 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण हे तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

तेव्हा पुढच्या पालकसभेत वहीची किती पानं भरली हे विचारू नका. आमचं लेकरू आपली चिठ्ठी शोधतं का, गोष्ट ऐकतं का, मातीत हात घालतं का, एवढं बाईंना जरूर विचारा.