एक रुपया वाढला, दोनशे कापले

म्हैसूरहून नंजनगूडच्या रस्त्याला लागलं की कडकोळ येतं. तिथल्या कारखान्यात एखादीचा पगार महिना २४,९९९ रुपये असेल, तर कर्नाटकाचा व्यवसाय कर शून्य. पगारात एका रुपयाची भर पडली, की २०० रुपये कापले जातात. पगारवाढ म्हणावी तर हाती १९९ रुपये कमीच! कोल्हापुरात महाराष्ट्राचा नियम: महिलांना २५,००० पर्यंत करमाफी, त्यापुढे २००. दोन्ही सवलती एप्रिल २०२३ पासूनच्या. (फेब्रुवारीत ३०० कापतात; तो महिना बाजूला ठेवू.)

आता हा कर म्हणजे पगाराचं फलन समजा. २४,०००, २४,९००, २४,९९९ असं डावीकडून चढत या. कर शून्यच राहतो, म्हणून डावी सीमा शून्य. २६,०००, २५,१००, २५,००१ असं उजवीकडून उतरत या. दरवेळी २००, म्हणून उजवी सीमा २००. दोघींचं जमत नाही, तेव्हा २५,००० पाशी सीमा अस्तित्वातच नाही. दोन्ही राज्यांत निकाल हाच.

पण बरोबर २५,००० पगारावर कर किती? कडकोळात २००, कोल्हापुरात शून्य. अकरावीची मुलं चुकतात ती नेमकी इथे. सीमा विचारली, की किंमत घालून मोकळी होतात. संतत फलनात ते खपून जातं. इथे तसं केलं, तर कडकोळच्या मुलाच्या हाती उजवी सीमा येईल, कोल्हापूरच्या मुलीच्या हाती डावी, आणि दोघंही छातीठोकपणे भांडतील. सीमा काढताना त्या बिंदूवर काय घडतं हे पाहायचंच नसतं. पाहायचं ते त्याच्या शेजारी.

अशा उडीपाशी फूरिये श्रेणी, म्हणजे फलनाची साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेत केलेली मांडणी, कुठे जाते, हे डिरिश्ले या जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये दाखवलं: दोन्ही बाजूंच्या सीमांच्या सरासरीकडे. म्हणजे इथे १०० रुपये. तेवढा कर दोन्हीपैकी एकाही राज्यात कोणी कापत नाही.

प्राप्तिकराने मात्र उडी बुजवली आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० रुपये कर निघतो आणि तो पूर्ण माफ होतो. सीमांत सवलत नसती, तर पुढच्या एका रुपयाने साठ हजार अंगावर आले असते. सवलतीमुळे जादा उत्पन्नाहून जास्त कर लागत नाही. दोन्ही सीमा शून्यावर जुळतात. चढ मात्र जुळत नाही: डावीकडे शून्य, उजवीकडे एक. उपकर सोडला, तर १२ लाखांवरची पहिली ७०,५८८ रुपयांची कमाई सगळीच सरकारजमा होते.