डायनिंग टेबलावरची शाळा

आपल्याकडे जून उजाडला की घराघरांत खाकी कव्हरं, लेबलं, नवी छत्री आणि ‘नवे बूट पावसात घालायचे नाहीत’ ही दटावणी. इथे अमेरिकेत, पेनसिल्वेनियात, हीच लगबग ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. दुकानांतून वह्या-पेन्सिलींचे ढिगारे लागतात, पिवळ्या बस पुन्हा रस्त्यावर दिसू लागतात. आमच्या गल्लीतल्या एका घरापुढे मात्र ती बस कधी थांबत नाही. घरात मुलं चार. थोरली चौदा वर्षांची, मग अकरा, आठ आणि शेंडेफळ पाच. शाळेत एकही जात नाही. शाळाच त्यांच्या डायनिंग टेबलावर भरते.

हे कुटुंब ख्रिस्ती, नेमाने चर्चला जाणारं. नवरा इलेक्ट्रिशियन, सकाळी साडेसहाला घराबाहेर पडतो. म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, कारकून आणि डबा करणारी, सगळं एकच बाई. ‘‘देवाने मुलं माझ्या हाती दिलीत, तर शिकवायचं काम दुसऱ्यावर का टाकू?’’ असं तिचं म्हणणं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना घरीदारी देवाच्या आज्ञा शिकवायची जबाबदारी आईवडिलांवर टाकली आहे, त्याचा दाखला ती देते. श्रद्धेचा भाग तिचा तिच्यापाशी. मला कुतूहल होतं ते या श्रद्धेची रोजची हमाली कशी चालते याचं.

तुम्हाला वाटेल, घरीच शिकवायचं तर कसले नियम? तर पेनसिल्वेनियात भरपूर आहेत. 1988 सालच्या कायद्यानुसार दरवर्षी 1 ऑगस्टच्या आत आईने किंवा वडिलांनी शिक्षण जिल्ह्याच्या अधीक्षकाकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं. कोणत्या विषयात काय शिकवणार, मुलांना लशी टोचल्यात का, घरातल्या कुणा प्रौढावर गेल्या पाच वर्षांत ठरावीक गुन्हे शाबीत झालेत का, सगळं त्यात. शिकवणारी व्यक्ती निदान बारावी झालेली हवी. वर्षाला 180 दिवस शाळा, किंवा प्राथमिकला 900 आणि माध्यमिकला 990 तास. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्या त्या वेळी करायची. तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी. वर्षाखेरीस एखादा परवानाधारक शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ मुलांशी बोलतो, वह्या तपासतो, आणि त्याचं प्रमाणपत्र 30 जूनपर्यंत पोचवावं लागतं. विषयांच्या यादीत गणित-इतिहासाबरोबर आग लागू नये म्हणून काय करावं हेही आहे! पाच वर्षांच्या धाकट्याचं नाव अजून कागदावर नाही, कारण इथे सक्तीचं वय सहा. टेबलाशी मात्र तोही खडू घेऊन बसलेला असतोच.

गंमत म्हणजे डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत गेलं, की यातलं जवळजवळ काहीच नाही. तिथे आईवडिलांनी सरकारला कळवायचंही बंधन नाही. एका देशात पन्नास तऱ्हा.

तिचं नवं वर्ष खरं तर जुलैतच सुरू होतं. आधी पुस्तकं. ख्रिस्ती घरांसाठी पुस्तकं छापणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. फ्लोरिडातली अबेका, साउथ कॅरोलायनातलं बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकाशन, कोलोरॅडोतली सोनलाइट. संपूर्ण संच नवा घ्यायचा म्हटलं तर चांगलीच चाट बसते, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. थोरलीची गणितं खोडून आता तिसऱ्याला. आपल्याकडे वरच्या वर्गातल्या मुलीकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायचो, अगदी तसंच. एका टेबलाशी दोन बाया एकाच व्याकरणाच्या पुस्तकावर हात ठेवून ‘तुम्ही घ्या’, ‘नाही नाही, तुम्हीच घ्या’ करत होत्या. पुण्यातल्या कुठल्याही हळदीकुंकवात शोभल्या असत्या.

शिकवण्याच्या पद्धतीबाबत ती शार्लट मेसनची भक्त. ही इंग्लंडची शिक्षणतज्ज्ञ, 1842 ते 1923 हा तिचा काळ. मुलांना धडे छोटे द्या, रटाळ पाठ्यपुस्तकांऐवजी जिवंत पुस्तकं द्या, रोज मोकळ्या हवेत न्या, आणि वाचून झालं की त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा, असं तिचं सांगणं. 1984 मध्ये सुझन शेफर मॅकॉले या लेखिकेने ‘फॉर द चिल्ड्रन्स सेक’ या पुस्तकातून तिला पुन्हा उजेडात आणलं आणि ख्रिस्ती गृहशाळांमध्ये ती घरचीच झाली. ‘ऐकलीस ना गोष्ट? आता तू सांग बघू,’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, त्याचंच हे शास्त्रशुद्ध रूप म्हणायला हरकत नाही.

सकाळ बायबलने उघडते. एक अध्याय मोठ्याने वाचायचा, आठवड्याचं वचन पाठ म्हणायचं, मग प्रार्थना. यामागे इथला एक इतिहास आहे. पेनसिल्वेनियाच्या सरकारी शाळांतून रोज सकाळी बायबलमधली निदान दहा वचनं वाचावीत असा एकेकाळी कायदाच होता. फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅबिंग्टनमधलं शेम्प कुटुंब त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. सरकारी शाळेत सगळ्या धर्मांची मुलं येतात, तिथे हा निकाल योग्यच होता असं मला वाटतं. माझी स्वतःची मुलं त्याच शाळांत शिकली. पण शाळेतून बाहेर पडलेली ती वचनं कुठे गेली, तर अशा स्वयंपाकघरांत.

अर्थात घरी शिकवायची चळवळ फक्त ख्रिस्ती नव्हे. जॉन होल्ट या शिक्षकाने 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढलं, त्याचा धर्माशी संबंध नव्हता. 1980 नंतर मात्र ख्रिस्ती कुटुंबांनी तिला बळ दिलं. 1999 मध्ये सरकारी पाहणीत अशी साडेआठ लाख मुलं होती, 2003 मध्ये अकरा लाख. मग 2020 मध्ये कोविड आला आणि घराघराची शाळा झाली. त्या वसंतात 5.4 टक्के कुटुंबं मुलांना स्वतः घरी शिकवत असल्याचं सांगत होती, शरद ऋतूत 11.1 टक्के.

शिकवणाऱ्या आईची गोष्ट निघाली की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची आई लक्ष्मीबाई गंगामूळच्या अरण्यात राहत होती. दिवसभर घरकामाचा रगाडा, म्हणून पहाटे, पाखरं जागी होण्याच्या वेळी, झोपाळलेल्या लेकीला उठवून ती संस्कृत शिकवायची. हाती पुस्तकही नसे. हे वर्णन छापलं गेलं ते इथेच, फिलाडेल्फियात, 1887 च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या रमाबाईंच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत. ती लिहिली होती डॉ. रेचल बॉडली यांनी, आपल्या आनंदीबाई जोशी ज्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या त्याच्या त्या प्रमुख. लक्ष्मीबाईंना स्वतःला नवऱ्याने शिकवलं, त्यापायी त्याला समाजाचा रोष पत्करावा लागला. मुलीला पाठवावी अशी शाळाच नव्हती. माझ्या शेजारणीच्या घरापासून सरकारी शाळा सात मिनिटांवर आहे आणि ती फुकट आहे. तरीही पहाटे पाचला तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, कारण मुलं उठण्याआधी तिला दिवसाचे धडे काढून ठेवायचे असतात. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने रमाबाईंचं नाव वहीत टिपून घेतलं.

मला खटकतं तेही लिहिते. यातल्या बऱ्याच पुस्तकांत जग सहा दिवसांत निर्माण झालं हेच विज्ञान म्हणून शिकवलं जातं. दुसरं, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगावरचा वळ निदान एखाद्या बाईंच्या नजरेस पडतो. जिथे सरकारला कळवायचंच नाही, तिथे ते मूल कुणाला दिसणार? शेजारीण यावर चिडत नाही. ‘‘म्हणून तर मी त्या कागदांना कंटाळत नाही,’’ म्हणाली. तिच्या ओळखीतल्या साऱ्यांना हे पटत नाही, हेही तिनेच सांगितलं.

आणि तिसरं, ती स्वतः. गुरुवारी चर्चमध्ये आठ-दहा घरं एकत्र जमतात. एक आई लॅटिन घेते, दुसरी शिवण, तिसरी चित्रकला. तेवढाच बदल. एरवी चार इयत्ता, तीन वेळचं जेवण, धुणं, आणि वर्षअखेरीस कुणी तपासायला येणार ते तिच्या मुलांना. ती आजारी पडली तर बदली शिक्षक नाही. लग्नाआधी ती नर्स होती; ते लायसन्स कधीच संपलं. ‘‘पगार?’’ मी एकदा विचारलं. ती हसली. ‘‘नवरा रात्री भांडी घासतो.’’

यंदा पेच पडला थोरलीवरून. ती आता नववीत. तिला आईसारखं नर्स व्हायचंय, आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा काही डायनिंग टेबलावर मावत नाही. जीवशास्त्राची दोन पुस्तकं तिने समोरासमोर ठेवून वाचलीत आणि आईला असे प्रश्न विचारलेत की आई चार दिवस गप्प होती. चर्चमधल्या एका-दोघींनी ‘मुलगी हातची जाईल’ असंही बजावलं. घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळेच्या खेळांत भाग घ्यायची मुभा पेनसिल्वेनियाने 2005 च्या कायद्याने दिली होती. 2022 च्या कायद्याने शाळेच्या दिवसाच्या एक चतुर्थांशापर्यंत वर्गात बसायचीही सोय झाली. नवरा-बायकोने जुलैभर त्यावर प्रार्थना केली, वादही घातला, आणि शेवटी अर्ज भरला.

आता सप्टेंबरपासून थोरली रोज एका तासासाठी त्या सात मिनिटांवरच्या शाळेत जाईल. न्यायला-आणायला आईच. तोवर बाकीच्या तिघांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तेही गाडीत. पाढे आणि स्पेलिंगचा तास तिने आत्ताच शाळेच्या पार्किंगमध्ये लावून टाकलाय.