दोन तारांवरचा संवाद

मे महिन्यातली दुपार. नागपुरात या दिवसांत कूलरशिवाय निभाव लागत नाही, हे तुम्हांला सांगायला नकोच. धरमपेठेत झेंडा चौकाजवळ राहणाऱ्या नववीतल्या एका मुलीने ठरवले, की कूलरच्या ओल्या टट्ट्यांतून हवा आत येताना तिचे तापमान किती उतरते, ते दर मिनिटाला मोजायचे. तिने आर्डुइनोचा छोटा बोर्ड आणला, त्याला दोन तापमापक जोडले, केबल संगणकाला लावली. पडद्यावर आकडे उमटायला हवे होते. उमटली ती चौकोनांची आणि उलट्यासुलट्या चिन्हांची भुताटकी! "बोर्डच खराब निघाला, परत करून टाक," असे काकांनी निदान केले.

बोर्ड मात्र ठणठणीत होता. मग बिघडले काय?

त्यासाठी आधी टर्मिनलची ओळख करून घेऊ. एकेकाळी संगणक वेगळ्या थंडगार खोलीत असे आणि काम करणाऱ्यापुढे नुसता कळफलक व पडदा. या जोडीला टर्मिनल म्हणत. त्याने स्वतः गणित करायचे नाही. दाबलेले अक्षर तारेवरून पाठवायचे आणि आलेले अक्षर दाखवायचे, बस्स. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने काढलेले व्हीटी-१०० हे टर्मिनल फार गाजले. त्याच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. ती यंत्रे आता संग्रहालयात गेली, पण त्यांचे सोंग घेणारे प्रोग्राम आजही वापरात आहेत. पुट्टी, टेराटर्म, मिनिकॉम ही त्यांतली काही नावे. आर्डुइनोची 'सिरियल मॉनिटर' नावाची चौकटही त्यांचीच धाकटी बहीण.

आता अक्षर तारेवरून जाते कसे? समजा, इंग्रजी मोठा 'ए' पाठवायचा आहे. त्याचा ठरलेला क्रमांक ६५. तो शून्य आणि एक या खुणांत लिहितात व शेवटच्या टोकापासून पाठवतात: १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. आधी 'सुरू' सांगणारे एक शून्य, शेवटी 'संपले' सांगणारा एक. अशा दहा खुणा झाल्या. सेकंदाला ९६०० खुणांचा वेग धरला, तर ९६० अक्षरे जातात.

गंमत अशी, की खुणा कधी मोजायच्या हे सांगणारी वेगळी तार नसते. दोन्ही टोकांनी वेग आधीच ठरवून घ्यायचा असतो. आपल्या मुलीचा बोर्ड ९६०० च्या वेगाने बोलत होता आणि पडद्यावरचा प्रोग्राम १,१५,२०० च्या वेगाने ऐकत होता, म्हणजे बारा पट घाईने. बोर्डाची पहिली खूण संपण्याआधीच संगणकाने दहा खुणा मोजून अक्षर 'पूर्ण' केले होते! वेग ९६०० केल्याबरोबर आकड्यांची सरळ रांग लागली. काका काही न बोलता कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

हीच रीत मॉडेमची. टेलिफोनची तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच आवाज नेते. शून्य-एकाचे सरळ विद्युत्-धक्के तिला मानवत नाहीत. म्हणून मॉडेम त्यांचे सूर करतो. 'व्ही-२१' या जुन्या पद्धतीत फोन लावणारा मॉडेम एकासाठी ९८० हर्ट्झ आणि शून्यासाठी ११८० हर्ट्झचा सूर काढी. पलीकडचा १६५० आणि १८५० चे. सूर वेगळे असल्याने दोघांना एकाच वेळी बोलता येई.

मॉडेमला हुकूम द्यायची भाषा हेज कंपनीने १९८१ साली आणली. प्रत्येक हुकूम 'एटी' या अक्षरांनी सुरू होतो. अर्थ 'लक्ष दे'. नुसते 'एटी' लिहून एंटर दाबले, की मॉडेम 'ओके' म्हणतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातली स्वस्त खाती केवळ अक्षरांची होती. टर्मिनलचे सोंग घेणारा प्रोग्राम त्यांना पुरे. धरमपेठेतून थेट मुंबईचा क्रमांक लावायचा, तर एस.टी.डी.चे मीटर चालू! २४०० च्या वेगाने अक्षरांनी भरलेला पडदा यायला आठ सेकंद लागत. एक लाख बाइटांच्या चित्राला किती लागतील? करा हिशेब: जवळजवळ सात मिनिटे. अक्षरांवर समाधान मानण्यात शहाणपण होते.

'एटी'ची भाषा अजून जिवंत आहे. मोबाइलच्या जाळ्यावर चालणाऱ्या मॉडेमला 'एटी+सीएसक्यू' विचारा. तो संदेशलहरींचा जोर ० ते ३१ अशा आकड्यात सांगतो. ९९ आले, तर त्याला तो कळलेला नाही.

एक गोष्ट मात्र जपा. जुन्या संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या खोबणीत 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. तुमचा बोर्ड ५ किंवा ३.३ व्होल्टचा. तार सरळ जोडलीत, तर काकांचे निदान खरे ठरेल! मध्ये मॅक्स-२३२ सारखी रूपांतर करणारी चिप हवीच.

जोडणी ठीक आहे का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. खोबणीला दुसरे काहीही न जोडता तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या टाचण्या छोट्या तारेने जोडा. दुसरी ऐकणारी, तिसरी बोलणारी. प्रोग्राममधला 'लोकल एको' बंद करा आणि आपले नाव टंकित करा. ते पडद्यावर उमटेल. आता तार काढा आणि पुन्हा टंकित करून पाहा.